मालकाची बाजू

गेल्या थंडीत माझे थोरले मामा आठ दिवस आमच्याकडे लखनौला राहून गेले. विदर्भातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांनी अडतीस वर्षे वकिली केली. ती जवळजवळ सर्व नोकरीविषयक कज्ज्यांची, आणि त्यातही एकाच बाजूने केली. आरंभी एकदोन गिरण्या आणि काही सहकारी संस्था, पुढे मात्र मुख्यत्वेकरून शाळा चालवणाऱ्या शिक्षणसंस्था हे त्यांचे पक्षकार. शिक्षकाच्या किंवा कामगाराच्या वतीने ते कधीच उभे राहिले नाहीत असे नव्हे. परंतु तसे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे.

विकास नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरातून संध्याकाळी टेढी पुलियाच्या दिशेने फिरायला जाण्याचा आमचा परिपाठ पडला होता. धुके उतरू लागले की मामा मफलर कानांवर ओढून घेत आणि बोलू लागत. एके दिवशी ते सहज म्हणाले, “अरे, सनद आता खुंटीला टांगली. जमाखर्च मांडायला बसलो तर जमा दिसते, खर्चही दिसतो. पण आयुष्यभर मी कोणाच्या बाजूने बोललो, हे कोणत्या खात्यावर लिहायचे ते मला समजत नाही.”

मी काही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हते म्हणून नव्हे, तर त्या प्रश्नाचा थोडा वाटा माझ्याही पदरात पडत होता म्हणून. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयातील कारकून. कार्यालयाविरुद्ध एखादा कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या येथील खंडपीठापुढे अर्ज करतो, तेव्हा त्या अर्जातील प्रत्येक परिच्छेदावर सरकारचे म्हणणे प्रथम लिहून काढण्याचे काम माझ्याकडे असते. त्या परिच्छेदनिहाय अभिप्रायांवरून सरकारी वकील पुढे प्रतिशपथपत्र तयार करतात. मामांनी जे काळा कोट घालून केले, तेच मी स्वेटर घालून करीत आलो आहे. भेद एवढाच की, न पटणारे वकीलपत्र मामांना परत करता येत होते. मला फाईल परत करता येत नाही.

मामांच्या प्रश्नाला एक ठरीव उत्तर आहे, आणि ते चुकीचे नाही. न्यायालयात दोन्ही बाजू मांडल्या गेल्याच पाहिजेत. कोणत्याही पक्षाला वकिलावाचून ठेवणे अन्यायाचे होईल. वकील हा पक्षकाराच्या कृत्याचा भागीदार नसून त्याच्या म्हणण्याचा केवळ वाहक आहे. हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु ते ज्या घरात जन्मले ते घर वेगळे होते. एका बाजूस राजसत्ता आणि दुसऱ्या बाजूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला एकटा मनुष्य, अशा प्रसंगी त्या एकट्याच्या रक्षणासाठी ते जन्मास आले. तेच तत्त्व ज्याच्या हाती नेमणूक, पगार, दप्तर आणि वेळ ही चारही साधने आहेत अशा मालकाने उसने घेतले, म्हणजे दुबळ्यासाठी केलेली ढाल बलवानाच्या हाती जाते. कायदा करणाऱ्यांनाही याची जाणीव होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती की, दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याखेरीज कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत उभे राहता येणार नाही. कामगारापुढे निष्णात वकील उभा करून त्याला गांगरवू नये, हा त्यातला हेतू उघड होता. मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी या नात्याने एखादा वकील उभा राहिला तर त्याला ही संमती लागत नाही, असे पुढे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि त्या दाराला एक खिडकी राहिली. असो.

मामा या युक्तिवादावर हसले. “कारखान्याचे तुझे म्हणणे चालेल,” ते म्हणाले, “पण शाळा हा निराळा प्राणी आहे. शाळेत मालक कोण हेच कोणी सांगू शकत नाही.”

ते खरे आहे, आणि येथे थोडे मागे जावेसे वाटते. आपल्याकडील खाजगी शाळा नफ्यासाठी निघाल्या नाहीत. त्या त्यागातून निघाल्या. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. या संस्थेत शिकवणारेच संस्थेचे चालक होते; चाकर आणि धनी एकाच अंगरख्यात. तरीही दहा वर्षांच्या आत आजीव सदस्यांच्या वेतनाचा आणि संस्थेबाहेरील अर्थार्जनाचा वाद इतका विकोपास गेला की, १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्या वादाला आणखीही पदर होते. पण आजीव सदस्याने आपले सर्व श्रम संस्थेलाच वाहावेत की प्रपंचाच्या गरजेपुरते बाहेर मिळवण्यास त्याला मोकळीक असावी, हा त्याच्या गाभ्याचा प्रश्न होता. महाराष्ट्रातल्या नामवंत शाळेतील पहिला मोठा ‘नोकरीचा तंटा’ मी यालाच म्हणेन. यात गंमत अशी की, दोन्ही बाजूंना थोर माणसे होती आणि शोषण करणारा कोणीच नव्हता. तरी प्रश्न उभा राहिलाच. कारण त्यागालाही महिन्याच्या अखेरीस वाण्याचे बिल द्यावे लागते.

पुढच्या पिढ्यांत त्यागाची परंपरा राहिली, पण तिची वाटणी बदलली. संस्थापकांचा त्याग शाळेच्या भिंतीवर तसबिरीच्या रूपाने उरला आणि त्यागाची अपेक्षा मात्र शिक्षकाकडून होऊ लागली. ‘शिक्षण हे पवित्र कार्य आहे’ हे वाक्य शिक्षकाच्या सत्कारात जितक्या वेळा उच्चारले गेले, त्याहून अधिक वेळा ते त्याच्या अर्जाच्या उत्तरात वापरले गेले असेल, असे मला अनेकदा वाटते.

न्यायालयांतही ते पोहोचले; आणि ज्याच्या लेखणीतून पोहोचले तो न्यायाधीश कामगारांचा वैरी नव्हता, ही गोष्ट मला विशेष विचार करण्यासारखी वाटते. १९०१ साली साताऱ्यास जन्मलेले आणि १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश असलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे औद्योगिक न्यायाच्या क्षेत्रातील आपल्या देशाचे एक मोठे शिल्पकार. पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपदही पुढे त्यांच्याकडेच आले. १९६३ साली त्यांच्यापुढे दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांचे प्रकरण आले. मुलींच्या महाविद्यालयासाठी चालवलेल्या बसगाड्या तोट्यात जातात म्हणून विद्यापीठाने चालकांना कामावरून कमी केले होते. औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण चालकांना मिळावयाचे तर विद्यापीठ हा ‘उद्योग’ ठरणे अवश्य होते. गजेंद्रगडकरांनी निर्णय दिला की, विद्यादान हा उद्योग नव्हे. विद्यादानाचे मुख्य काम शिक्षक करतात, आणि शिक्षक हे काही त्या कायद्यातील ‘कामगार’ नव्हेत. चालक, शिपाई यांचे काम त्या मानाने गौण आहे. शिक्षणाविषयीच्या आदरातून निघालेला हा निर्णय होता. त्या आदराची किंमत मात्र बसचालकांनी मोजली.

१९७८ मध्ये बंगलोरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने हा निर्णय मोडीत काढला आणि शिक्षणसंस्थाही ‘उद्योगा’च्या व्याख्येत आणल्या. आता शिक्षकांना वाटले की दार उघडले. गोव्यातील एका शाळेने १९७५ साली नोकरीवरून काढलेल्या एका शिक्षिकेचे प्रकरण १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. न्यायालयाने म्हटले, शाळा हा उद्योग आहे खरा. परंतु शिक्षिका ‘कामगार’ नाही. अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी वा देखरेखीचे काम करणारा तो कामगार. शिक्षक मुलांची मने घडवतो, त्याचे कार्य म्हणजे एक व्रतच. ते यांपैकी कोणत्याही वर्गात बसत नाही. म्हणजे परिणाम काय झाला पाहा. त्याच शाळेचा शिपाई, गाडीचा चालक, दप्तरातला कारकून यांना कामगार न्यायालयाचे दार मोकळे. आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईंना मात्र ते बंद, कारण त्यांचे काम अधिक थोर! तेरा वर्षे वाट पाहिल्यावर त्यांना आपल्या थोरवीचा दाखला मिळाला.

हीच कथा पुढे ग्रॅच्युइटीच्या बाबतीत पुन्हा घडली. १९७२ चा कायदा १९९७ मध्ये शिक्षणसंस्थांना लागू करण्यात आला. पण २००४ साली अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील व्याख्येचे शब्द तपासले आणि शिक्षक त्यात येत नाहीत, असे ठरले. संसदेला २००९ मध्ये दुरुस्ती करून, तीही ३ एप्रिल १९९७ पासून मागे नेऊन, शिक्षकांना आत घ्यावे लागले. त्या दुरुस्तीलाही खाजगी शाळांनी आव्हान दिले. ते २९ ऑगस्ट २०२२ रोजी फेटाळले गेले. पाव शतक एका शब्दाच्या अर्थावर गेले, आणि त्या शब्दाच्या दोन्ही बाजूंनी विद्वान वकील उभे होते. शाळांच्या बाजूने उभे राहिलेल्यांनी खोटे काही सांगितले असे कोणी म्हणणार नाही. व्याख्येत शिक्षक नव्हते, हे सत्यच होते.

आमच्या फिरण्यात हे सर्व मी मामांना ऐकवले, अर्थात त्यांना ते माझ्याहून अधिक ठाऊक होते. ते शांतपणे म्हणाले, “तू निवडलेली प्रकरणे खरी आहेत. पण मी ज्या शाळांचा वकील होतो त्यातल्या निम्म्या शाळा तू पाहिल्या नाहीस.”

मग त्यांनी जे सांगितले त्याने माझा पक्ष बराच लंगडा झाला. महाराष्ट्रात १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा येईपर्यंत शिक्षकांना माध्यमिक शाळा संहितेचा आधार होता, पण ती संहिता शासकीय सूचनांच्या स्वरूपाची. तिच्या बळावर न्यायालयात उभे राहणे कठीण होते. या कायद्याने शाळा न्यायाधिकरणे दिली, बडतर्फीविरुद्ध तीस दिवसांत अपील दिले, आणि १९८१ च्या नियमांनी चौकशीची पद्धत बांधून दिली. चौकशी समितीत तीन सभासद: एक व्यवस्थापनाचा, एक खुद्द शिक्षकाने नेमलेला, आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून. फार विचारपूर्वक केलेली रचना. (येथे उत्तर प्रदेशात मार्ग निराळा आहे: १९२१ च्या इंटरमिजिएट शिक्षण कायद्यात मागाहून घातलेल्या कलमाप्रमाणे मान्यताप्राप्त शाळेला निरीक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून शिक्षकास काढता येत नाही.) परंतु तालुक्याच्या गावी तीन खोल्यांची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसाला, जो बहुधा किराणा दुकानदार किंवा निवृत्त तलाठी असतो, हे नियम कोठून माहीत असणार? मामांच्या एका प्रकरणात एका शिक्षकाने मुलाला असे मारले होते की त्याच्या कानाचा पडदा फाटला. गाव संतापले, संस्थेने समिती नेमली, पण तिसरा सभासद यादीबाहेरचा घेतला. न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द केली, मागील पगार द्यावयास लावला, आणि तो शिक्षक हार घालून त्याच वर्गात परत आला. “त्या दिवशी,” मामा म्हणाले, “दुबळा कोण होता? मास्तर, संस्था, की तो मुलगा? मुलाला तर वकीलच नव्हता. त्याच्या वतीने जे काही बोलले गेले ते मीच बोललो, मालकाचा वकील म्हणून.”

मला हे मान्य करावे लागले. मालकाची बाजू ही नेहमी बलवानाची बाजू नसते. आणि संस्थेच्या आड कधीकधी असे कोणी उभे असते की ज्याचे नाव अर्जात नसते.

तथापि मामांचे समाधान यानेही झालेले नव्हते, नाहीतर त्यांनी तो प्रश्न विचारलाच नसता. परत फिरताना त्यांनी मला जे सांगितले ते त्यांनी मामींनाही सांगितलेले नसावे. न्यायालयात त्यांनी जी प्रकरणे लढवली, जिंकली वा हरली, त्यांपैकी एकाचेही त्यांना ओझे वाटत नाही. समोर विरुद्ध पक्षाचा वकील होता, वर न्यायाधीश होता. यांनी यांचे मांडले, त्यांनी त्यांचे मांडले. ओझे आहे ते एका पानाचे. नव्वदच्या दशकात एका संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना विचारले की, शिक्षक कायम होऊ नये अशा रीतीने नेमणूक कशी करावी. कायदा असा की, रिकाम्या कायम जागेवर नेमलेला शिक्षक परिविक्षेची दोन वर्षे पुरी करील तर तो कायम मानला जातो. मामांनी एक पानाचा नेमणूकपत्राचा मसुदा करून दिला: नेमणूक केवळ चालू शैक्षणिक वर्षापुरती, सत्राच्या अखेरीस आपोआप समाप्त, पुढील वर्षी नव्याने अर्ज करावा. जूनमध्ये नेमायचे, एप्रिलमध्ये मोकळे करायचे, मेचा पगार वाचवायचा. शब्द निर्दोष होते. ते पान त्या संस्थेतून दुसरीत गेले, दुसरीतून चौथीत. जिल्ह्यात किती शाळांनी ते वापरले हे मामांनाही ठाऊक नाही. त्यावरून फारसे दावे झाले नाहीत. दरवर्षी जूनमध्ये पुन्हा बोलावतील या आशेवर जगणारी माणसे दावा करीत नसतात. “मी कोर्टात केलेल्या कामाचे रेकॉर्ड आहे,” मामा म्हणाले, “त्यात मला लाज वाटावी असे काही नाही. पण त्या खोलीत, त्या दिवशी, तिथे मास्तरांचा वकील नव्हता रे.”

या वाक्यापाशी मी थबकलो. ‘प्रत्येक बाजूला वकील असावा’ हे तत्त्व न्यायालयात खरे आहे, कारण तेथे दुसरी बाजू हजर असते. तिच्या हजेरीनेच आपला एकांगीपणा क्षम्य ठरतो; आपण झुकलेलो असतो, पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही कोणी उभा असतो. मात्र नोकरीच्या कायद्याचे खरे काम न्यायालयात थोडे आणि बंद खोलीत फार होते. नेमणुकीचा मसुदा, नोटिशीचे शब्द, कोणती चौकशी करावी आणि कोणती टाळावी याचा सल्ला, निवेदनाला उत्तर द्यावे की ते तसेच पडू द्यावे याविषयीची टिपणी: या जागी दुसरे पारडे नसतेच. तेथेही वकील जर न्यायालयातल्यासारखाच एकांगी राहिला, तर तो वकील उरत नाही. तो मालकाचा हात होतो. आणि तेथे त्याने गैरहजर माणसाची आठवण ठेवली, तर ती ठेवल्याचे कोठेही नोंदले जात नाही. त्याचे श्रेय मिळत नाही, फी तर नाहीच.

महाभारतातल्या भीष्मांची आठवण मला अशा वेळी होते, आणि द्यूतसभेतल्या त्यांच्या मौनापेक्षा युद्धाच्या प्रसंगाची अधिक. कौरवांच्या अन्नाने आपण बांधले गेलो आहोत, ही गोष्ट त्यांनी युधिष्ठिराला लपवून सांगितली नाही. मी तुझ्या बाजूने लढू शकत नाही, दुसरे काय हवे ते माग, असे ते म्हणाले. रणांगणावर त्यांनी पगाराशी इमान राखले आणि हातचे राखून बाण सोडले नाहीत. पण रात्री त्यांच्या शिबिरात पांडव आले आणि त्यांनी विचारले, तेव्हा आपला वध कशाने होईल हे त्यांनी खरेखरे सांगितले. दिवसा सर्वांदेखत मालकाचे. रात्री तंबूत, कोणी पाहत नसता, सत्याचे. आपण नोकरमाणसे बहुधा याच्या उलट करतो. चारचौघांत न्यायाच्या गोष्टी बोलतो, आणि तंबूत मसुदा करतो.

आता माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वीची आहे, आणि ती मी मामांनाच प्रथम सांगितली. आमच्याच खात्यातील एका वयस्क कर्मचाऱ्यास पदोन्नतीत डावलले गेले होते. त्यांनी निवेदन दिले. उत्तर गेले नाही. त्यांनी स्मरणपत्र दिले, मग दुसरे. माणूस जुन्या वळणाचा. सरकारने उत्तर दिले नाही म्हणजे विचार चालू आहे, अशी त्यांची श्रद्धा. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याची श्रद्धा निराळी आहे. निवेदनास सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर त्यानंतरच्या एका वर्षात न्यायाधिकरणाकडे गेले पाहिजे. आणि पुन्हा पुन्हा निवेदने दिल्याने मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे. कायद्याच्या दृष्टीने आमचे मौन हेच उत्तर होते, आणि ते ऐकण्याची जबाबदारी त्यांची होती. चार वर्षांनी ते न्यायाधिकरणात गेले. अर्ज माझ्या टेबलावर आला.

मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले: ‘अर्ज मुदतबाह्य असल्याने प्रथमदर्शनीच फेटाळण्यास पात्र आहे.’ ते बरोबर होते. ते लिहीत असता माझ्या मागच्या कपाटात त्यांचे मूळ निवेदन होते. त्यावर आवक क्रमांक होता, तारीख होती, एका अधिकाऱ्याचा ‘तपासून सादर करावे’ असा शेरा होता. आणि त्यानंतर काही नव्हते. ते सादर करण्याचे काम ज्या टेबलाचे होते, त्या टेबलावर त्या वर्षी मीच बसत होतो. ती गोष्ट मी अभिप्रायात लिहिली नाही. कोणी विचारली नव्हती. त्यांच्या वकिलाने विलंबमाफीचा अर्ज जोडलेला नव्हता. फी कमी घेणारा वकील असावा. अर्ज मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला, पदोन्नतीत त्यांना डावलले ते योग्य की अयोग्य हे कोणी पाहिलेच नाही, आणि माझ्या अभिप्रायांवर वरून ‘सुरेख मसुदा’ असा शेरा आला. पुढल्या वर्षी ते सेवानिवृत्त झाले.

मागच्या हिवाळ्यात विकास नगरच्या भाजीबाजारात ते भेटले. मटार घेत होते. मी नजर चुकवणार तोच त्यांनी हाक मारली, मुलांची चौकशी केली, आणि निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अरे भाई, आपने तो अपना काम किया।” त्यांच्या स्वरात उपरोध नव्हता, लखनवी माणसाला उपरोध करावयाचा असता तर त्याने तो याहून चांगला केला असता. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. कपाटातल्या कागदाची त्यांना कल्पना नव्हती.

पदवीला मी तत्त्वज्ञान घेतले होते. त्यामुळे नेमून दिलेले कर्म फळाची आसक्ती सोडून करणे याचा आधार मला सहज सापडला असता. परंतु निष्काम म्हणजे कागद कपाटात ठेवणे नव्हे, एवढे समजण्यासाठी पदवीची गरज नाही. सरकारच्या वतीने मुदतीचा मुद्दा मांडणे हे माझे काम होते, त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. सरकारी वकिलाने तो मांडला असताच, आणि मांडावयासच हवा होता. माझा दोष त्याच्या अलीकडे आहे. विलंब कोणाच्या टेबलावर झाला हे फक्त मला माहीत होते, आणि माझ्या टेबलाशी त्यांचा वकील नव्हता.

मालकाच्या हाती सर्वांत मोठे शस्त्र कायदा नसून काळ आहे, हे नोकरीच्या कज्ज्यांत ज्याने दोन वर्षे काढली त्याला सांगावे लागत नाही. संस्था म्हातारी होत नाही. सरकार तर नाहीच. तेव्हाच्या औरंगाबादेतील एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०१३ रोजी हेच बोलून दाखवले. शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये तिला पूर्ण मागील पगारासह परत घेण्याचा आदेश दिला होता. उच्च न्यायालयाने पगाराचा भाग काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला, आणि नमूद केले की उत्तमोत्तम वकील लावून कर्मचाऱ्याचे हाल लांबवणे मालकाला परवडते, कर्मचाऱ्याला मात्र नामवंत वकिलावर खर्च करण्याची चैन परवडत नाही. तो निर्णय मी मामांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लांबवण्याबद्दल मी फी घेतली आहे. तारीख मागितली की पक्षकार खूष होत. कारण विचारशील, तर कारण नेहमी खरे असे. माझा गुडघा, साक्षीदाराची मुलगी बाळंत. खरी कारणे पुष्कळ असतात.”

त्यांनी वकीलपत्रे नाकारलीही होती, अध्यक्षांना दटावून शिक्षकांशी तडजोडीही करून दिल्या होत्या. हे मला आईकडून ठाऊक आहे, कारण मामा स्वतः ते सांगत नाहीत. त्यांच्या हिशेबात ते कोठे धरावे? ज्या बडतर्फीच्या नोटिसा त्यांच्या एका शब्दाने निघाल्याच नाहीत, त्या माणसांना आपण वाचलो हेही कळले नसेल. मसुद्याच्या पानाने ज्यांची वर्षे गेली त्यांना मामांचे नाव माहीत नाही, आणि ज्यांची वाचली त्यांनाही नाही.

मामा लखनौहून निघाले त्याला आता दीड महिना झाला. जाताना चारबाग स्थानकावर त्यांनी मला विचारले, “मग तू काय करणार?” मी म्हटले, “पुढची फाईल आली की पाहीन.”

ती मागच्या सोमवारी आली. एका टपालवाहकाच्या ज्येष्ठतेचा प्रश्न; अर्ज अडीच वर्षे उशिरा. कपाट उघडून पाहिले, निवेदन आमच्याकडेच होते. मी अभिप्रायाच्या पहिल्या परिच्छेदात मुदतीचा मुद्दा लिहिला, आणि त्याच्याच खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, निवेदन कोणत्या तारखेस आमच्या शाखेत मिळाले व त्यावर आजवर निर्णय झालेला नाही हेही लिहिले; आवक क्रमांकासह. फाईल वर पाठवली. शुक्रवारी ती परत आली. माझा पहिला परिच्छेद तसाच होता. दुसऱ्याच्या बाजूला समासात हिरव्या शाईने एक उभी रेघ होती आणि खाली लिहिले होते, “कृपया चर्चा करें।” उद्या साडेदहा वाजता मला साहेबांकडे जायचे आहे.